१८ च्या सरासरीत अडकलेल्या सायकलस्वारासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, वजन ७४ किलो, राहायला कोथरूड. दोन वर्षांपासून हायब्रिड सायकल (सरळ हँडलची, जरा रुंद टायरची) चालवताय. आठवड्यातून चार दिवस सकाळी २५ किलोमीटर आणि रविवारी पानशेतच्या दिशेने ५०-६०. सरासरी तासाला १८-१९ किलोमीटरच्या पुढे सरकत नाही, सिंहगडाच्या घाटात तीनदा पाय टेकावे लागतात आणि साठ किलोमीटरनंतर पाय दगडाचे होतात. हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे. शेवटी जाता जाता विचारलंय, रोड बाइक (वाकड्या हँडलची, बारीक टायरची सायकल) घेतली तर फरक पडेल का?

रोड बाइकचं शेवटी बघू. आधी तुम्ही पाठवलेल्या दोन महिन्यांच्या नोंदी. चारही दिवस तोच रस्ता, तेच अंतर आणि वेळ एक तास वीस मिनिटं, दोन-तीन मिनिटं इकडे-तिकडे. हार्ट रेट रोज १४५ ते १५० च्या दरम्यान. तुमचं दुखणं इथेच आहे. तुम्ही आळशी नाही, उलट रोज जरा जास्तच रेटताय. पण रोज एकसारखंच रेटताय. दमवायला पुरेल आणि सुधारायला पुरणार नाही, असा हा मधला वेग असतो. पुण्यातले निम्मे हौशी सायकलवाले याच वेगात वर्षानुवर्षं फिरत असतात. मीही चार वर्षं फिरलो.

शरीर मोठं हिशेबी असतं. जेवढं मागाल तेवढंच देतं, वर चिंचोका देत नाही. लांब आणि सावकाश चालवलं की स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींची ऊर्जा तयार करण्याची क्षमता वाढते आणि चरबी जाळून चालायची सवय लागते. टिकाव येतो तो यातून. थोडा वेळ पण अगदी जोरात चालवलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं, आणि वेग येतो तो त्यातून. मधल्या वेगात दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या होतात, पण थकवा पुरेपूर येतो. मग जोराच्या दिवशी जोर उरत नाही. जगातले उत्तम सहनशक्तीचे खेळाडू आपल्या सरावाचा साधारण ८० टक्के भाग हलकाच ठेवतात, ही गोष्ट अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा नोंदवली आहे. आपण त्यांच्यापेक्षा खूपच कमी वेळ देतो, त्यामुळे आकडा अगदी तोच हवा असं नाही. दिशा मात्र तीच.

म्हणून पहिला बदल असा, की चारपैकी दोन सकाळी खरोखर सावकाश चालवा. सावकाश किती? शेजारी मित्र आहे असं समजा आणि त्याला कालच्या मॅचची हकीकत सांगता आली पाहिजे, वाक्य मध्येच न तोडता. धाप लागून शब्द तुटले तर वेग जास्त आहे. घड्याळाच्या भाषेत हे कमाल हार्ट रेटच्या ६५ ते ७५ टक्के. पण '२२० वजा वय' हे सूत्र एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, म्हणून माझा भरवसा बोलण्याच्या परीक्षेवर जास्त आहे. सुरुवातीला वेग १५-१६ वर येईल आणि जीव खाली-वर होईल. पाठीला दप्तर लावलेला शाळकरी पोरगा ओव्हरटेक करून जाईल. जाऊ द्या. मी शिकवलेल्या लोकांपैकी बहुतेक जण याच पायरीवर अडखळतात. जोराच्या सरावाला सगळे तयार असतात, हळू चालवायला कुणीच नसतं.

आता जोराचा दिवस. त्याआधी एक अट. तुमची चाळिशी उलटली आहे. बीपी, साखर, ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. त्याच रक्तात हिमोग्लोबिन आणि बी-१२ पण बघा. शाकाहारी असाल तर नक्कीच. सराव चोख असूनही धाप लागणाऱ्या दोघा-तिघांचं कोडं माझ्या पाहण्यात शेवटी लॅबच्या कागदावरच सुटलं. आणि चालवताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर 'एवढा चढ संपवू' म्हणायचं नाही. तिथेच थांबायचं आणि मदत बोलवायची.

मंगळवार जोराचा ठेवा. वीस मिनिटं आरामात पाय मोकळे करा आणि मग चार मिनिटं चढावर जोर लावा. जोर एवढा, की तिसऱ्या मिनिटाला 'हे कोणी सांगितलं होतं' असं वाटलं पाहिजे, पण चौथं मिनिट पहिल्यासारखंच निघालं पाहिजे. मग तीन मिनिटं अगदी हळू. असं चार वेळा. एकूण जोर फक्त सोळा मिनिटांचा, पण नीट केलात तर दुपारी ऑफिसात पेंग येईल. जागा म्हणून भूगाव-पिरंगुटच्या बाजूचे चढ बघा, पहाटे साडेपाचला ट्रक कमी असतात तेव्हा. कधी वेळ असेल तर बोपदेव घाट, लहान आहे पण खडा. चढच का? सपाटीवर एवढा जोर लावला तर वेग पस्तिशीत जाईल आणि आपल्या रस्त्यांवर कुत्रं, खड्डा आणि उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार यांतलं काहीतरी भेटणारच. चढावर हृदयाला तोच व्यायाम मिळतो आणि पडलात तरी फार तर गुडघा खरचटतो.

दुसरा जोराचा प्रकार शुक्रवारी, एक आठवडा सोडून. पंधरा ते वीस मिनिटं एका दमात, तीन-चारच शब्द बोलता येतील अशा ताणाने. मध्ये दहा मिनिटं आराम, आणि पुन्हा एकदा. हा सराव कंटाळवाणा आहे, पण सिंहगड याच्यातच आहे. ज्या आठवड्यात हा नाही, त्या आठवड्यात शुक्रवारी झोप काढा. झोपही सरावच आहे, कारण पायातली ताकद सायकलवर वाढत नाही, नंतर अंथरुणात वाढते. दर चौथा आठवडा निम्मा करा. तीन आठवडे चढतं, एक आठवडा उतरतं.

रविवारची लांब राइड दर आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटरने वाढवा. ६०, ७०, ८०, मग हलक्या आठवड्यात ६०. पुढे ९५, ११०, १२५, पुन्हा ८०, आणि मग १४०-१५०. दहाएक आठवड्यांत इथे पोहोचता. २०० च्या आधी २०० करून बघायची गरज नाही. दीडशे जमले की उरलेले पन्नास पोट आणि डोकं नेतं.

पोटावरून आठवलं. साठ किलोमीटरनंतर पाय दगडाचे होतात म्हणालात. तुमच्या वेगाने साठ म्हणजे तीन तासांहून थोडं जास्त. आणि त्यात पोटात काय गेलं, तर एक चहा आणि दोन बाटल्या साधं पाणी. अहो, पाय कसे चालतील? यकृत आणि स्नायू मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखरेचा साठा असतो. मध्यम जोराने चालवलं तर दीड-दोन तासांत त्याला घसरण लागते. चरबीचा साठा भरपूर असतो, पण चरबी सावकाश जळते. साठा संपला की अंगातली ताकद एकदम जाते, आपल्याकडे ज्याला सगळे 'बॉन्क' म्हणतात तो होतो.

माझा पहिला बॉन्क अजून आठवतो. पुण्याहून महाबळेश्वरला निघालो होतो, तोंडात फक्त एक कप चहा. खंबाटकी चढताना फुशारकी मारली होती की आज पाय मस्त आहेत. वाईजवळ अंगाला गार घाम सुटला, हँडल हातात राहीना आणि उगीचच रडायला यायला लागलं. रस्त्याकडेला रसवंती दिसली. तीन ग्लास उसाचा रस प्यायलो आणि अर्धा तास बाकड्यावर बसून राहिलो. मग पसरणी घाट चढलो खरा, पण त्या दिवशीची शरम अजून गेलेली नाही. चूक वाईत झाली नव्हती. पहिल्याच तासात झाली होती.

नियम साधा आहे. दीड तासाहून लांब राइड असेल तर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून खायला सुरुवात करायची, भूक लागण्याच्या आधी. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं धरा. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला एक केळं आणि थोडं काहीतरी. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गुळाची चिक्की, मऊ गूळपोळीची सुरळी. जर्सीच्या खिशात मावेल आणि एका हाताने खाता येईल ते उत्तम. परदेशी जेलची पाकिटं वाईट नसतात, पण हौशी माणसाला त्यांची गरज नाही. चिक्की मात्र थांबून खा, चढावर धापा टाकताना शेंगदाणा घशात अडकला तर पंचाईत. आणि मध्यावर मिसळ नको. मिसळीशी माझं काहीच वैर नाही, पण तर्रीवाली मिसळ खाऊन पुन्हा चढाला लागून बघा एकदा. मिसळ परतीच्या शेवटच्या पाच किलोमीटरवर.

पाण्यात काहीतरी घाला. एक लिटर पाणी, दहा-बारा सपाट चमचे साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. एवढ्यातच ४०-५० ग्रॅम साखर गेली, म्हणजे खाण्याचा निम्मा भार उतरला. किती प्यायचं हे वजनकाटा सांगतो. राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. मध्ये प्यायलेलं पाणी जमेस धरून तासाला किती घाम गेला हे कळतं. एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये हा आकडा दुपटीने वेगळा असू शकतो. परतल्यावर वजन किलोभर कमी भरलं तर घाबरू नका. उलट जास्त भरलं तर साधं पाणी गरजेपेक्षा अधिक ढोसलंय, आणि लांब राइडमध्ये रक्तातलं सोडियम उतरणं हा खरा धोका आहे.

आता सिंहगड. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत घाट नऊएक किलोमीटरचा. चढाई सहाशे मीटर धरू. तुमचं वजन, सायकल, बाटल्या, बूट-कपडे मिळून ९० किलो. हे ओझं पाऊण तासात वर न्यायचं ठरवलंत तर नुसतं उचलायलाच जवळपास २०० वॅट लागतात. एका तासात नेलं तर १४७, आणि सव्वा तासात नेलं तर ११८ वॅट. शेवटचा आकडा बहुतेक निरोगी माणसांना सराव न करताही थोडा वेळ झेपतो. तुम्ही थांबता ते ताकद नाही म्हणून नाही. पहिले दोन किलोमीटर पाऊण तासवाल्याच्या थाटात चढता आणि मग उधारी फेडत बसता. पुढच्या वेळी पहिला किलोमीटर इतका हळू चढा की लाज वाटेल, तासाला सात किलोमीटर. नाकाने श्वास घेता आला पाहिजे. जी वळणं भलतीच खडी आहेत तिथे बाहेरच्या बाजूने वळा, आतली बाजू जास्त उभी असते, पण समोरून येणाऱ्या जीपकडे लक्ष ठेवून. खडा तुकडा संपला की सुटकेचा श्वास टाकून जोर वाढवायचा मोह होतो. तो टाळा. रविवारी जायचं तर उजाडायच्या आधी पायथ्याशी पोहोचा, नंतर गाड्यांचा धूर खात चढावं लागतं. पावसाळ्यात दरडीमुळे रस्ता बंद आहे का ते विचारूनच निघा.

तेच गणित वजनाला लावा. चार किलो कमी झालात तर सव्वा तासातली तीन मिनिटं वाचतात. दोन किलो हलकी सायकल घेतलीत तर दीड-पावणेदोन मिनिटं. आणि तीन थांबे बंद केलेत तर पंधरा मिनिटं.

सपाटीवर हिशेब वेगळा, कारण तिथे भांडण वाऱ्याशी असतं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याच्याशी झगडायला लागणारी ताकद घनाने. म्हणून १९ वरून २२ वर जायचं म्हटलं तर वाऱ्यासाठीच दीडपट ताकद लागते. तीन किलोमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तसं नाही. फुकटात मिळणारा वेग आधी उचला. कोपरं वाकवा, छाती थोडी खाली आणा, फडफडणारं विंडचीटर घरी ठेवा. हवा आठवड्यातून एकदा पंपाने मोजून भरा, बोटाने दाबून नव्हे. टायरच्या कडेला लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची सक्ती नाही. चेन पुसून तेल द्या. चाक उचलून फिरवा आणि ब्रेक घासतोय का बघा. एका गृहस्थांचा वर्षभराचा 'फिटनेस प्रॉब्लेम' मी मागचा ब्रेक पाव वेढा सैल करून सोडवला होता.

फोटोत तुमची सीट खाली दिसते आहे. दुकानात दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट लावून देतात आणि आपण वर्षानुवर्षं तशीच ठेवतो. मीही ठेवली आणि गुडघ्याच्या वाटीपुढे असं दुखायला लागलं की जिना उतरता येईना. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल तळाशी न्या. पाय नुकताच सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघ्याला हलकी वाकण राहते. एकदम दोन इंच वर करू नका, आठवड्याला पाच मिलिमीटर. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते, मागे दुखत असेल तर वर.

आणि जड गिअर सोडा. तुमचे पाय मिनिटाला साठ फेरे मारतायत. सपाटीवर ८० ते ९० कडे न्या. सुरुवातीला सीटवर उड्या मारल्यासारखं वाटेल, पण महिन्यात बसतं. जड गिअरने मांड्या भरून येतात, हलक्या गिअरने दम लागतो. दम दोन मिनिटांत परत येतो, मांड्या त्या दिवशी परत येत नाहीत.

बीआरएमबद्दल तुमच्या मनात उगीच धास्ती आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून सरासरी १४.८. तुमच्या आत्ताच्याच १८ ने चालवलंत तर अकरा तास आणि सात मिनिटं. हातात दोन तास तेवीस मिनिटं उरतात, पंक्चर, जेवण, कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) कार्डावर शिक्का, सगळ्यासाठी. वेग तुमच्याकडे आहेच. तो कुठे सांडतो ते बघा. २६ ने सुसाट गेलेली मंडळी धाब्यावर खाटेवर पहुडलेली असतात आणि २० वाला शेजारून शांतपणे निघून जातो, हे दर बीआरएमला दिसतं. थांब्याला दहा मिनिटं, घड्याळ लावून. बाटल्या भरा, खिसे भरा, निघा. पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जाकीट तयार ठेवा. पंक्चर स्वतः काढण्याचा सराव घरात दोनदा करा, एकदा अंधारात.

नोकरी सांभाळून हे होईल का, असंही विचारलंत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत पूर्ण केली, आणि हे करणारे ते पहिले भारतीय. दोघेही डॉक्टर. तुम्हाला तर सुरुवातीला आठवड्याला आठएक तास पुरतील, रविवारची राइड लांबेल तसे थोडे जास्त.

आता रोड बाइक. सपाटीवर फरक पडेल, दोन-तीन किलोमीटरचा, मुख्यतः वाकलेल्या बसणीमुळे आणि टायरमुळे. सिंहगडावर उलटंही होऊ शकतं. तुमच्या हायब्रिडला पुढे सर्वांत लहान चक्र २८ दातांचं आणि मागे सर्वांत मोठं ३४ चं आहे. तासाला सव्वासात किलोमीटरने चढताना त्यावर पाय मिनिटाला ६८ फेरे मारतात. शोरूममधल्या पुष्कळ रोड बाइकना पुढे ३४ आणि मागे २८ असतं. त्याच वेगाला तिथे फेरे पडतील ४७, म्हणजे प्रत्येक वळणावर उभं राहून रेटणं. तेव्हा घ्यायचीच असेल तर दुकानात रंग बघण्याआधी मागचे दात मोजा. ३४ असतील तर पुढे बोला. ३२ असतील तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ३४ ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) घेतो का, ते मेकॅनिकला विचारून घ्या. आणि तोवर याच सायकलचे टायर बदला. खाचा कमी असलेले, २८ ते ३२ मिलिमीटरचे गुळगुळीत टायर रिमला बसत असतील तर तेवढ्या खर्चात रोड बाइकचा बराचसा फायदा याच सायकलवर मिळेल.